स्विच ‘हो’ म्हणत राहिला

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८

अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना एक गोपनीय इशारा धाडला. कुठल्या तरी बँकेच्या कार्डांची माहिती चोरांच्या हाती लागली आहे आणि येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकदमच पैसे उपसले जातील, असा त्याचा मथितार्थ. बँक कुठली, हे मात्र त्यात नव्हतं. असल्या चोरीला त्या धंद्यात ‘अनलिमिटेड ऑपरेशन’ म्हणतात, कारण रोज अमुकच रक्कम काढता येईल ही कार्डाची मर्यादाच आधी उडवलेली असते. मुहूर्त बहुतेक वेळा शनिवारचा, बँकेची माणसं घरी गेली की. ब्रायन क्रेब्ज या पत्रकारानं हा इशारा जाहीर केला तो रविवारी. पुण्याच्या दृष्टीनं एक दिवस उशीर झाला होता.

शनिवार, ११ ऑगस्ट, सकाळ

महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. त्यात आषाढी अमावास्या. घरोघरी पितळेचे दिवे चिंचेनं घासून पाटावर मांडले जात होते, कणकेचे दिवे उकडले जात होते. आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार म्हणून मटणाच्या दुकानांपुढे रांगा होत्या. गटारीच्या दिवशी एटीएमवर जास्त वर्दळ असली तर कोणाला काय वाटणार?

गणेशखिंड रस्त्यावर कॉसमॉस बँकेचं मुख्यालय आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक पुण्याच्या कित्येक घरांत आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेली. इमारतीत त्या दिवशी शुकशुकाट असला तरी तिचा एटीएम स्विच जागा होता. त्याला सुट्टी नसते.

हा स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. तुम्ही दुबईच्या मशीनमध्ये कार्ड घातलंत की ते मशीन तिथल्या बँकेला विचारतं, ती बँक व्हिसाच्या जाळ्याला, व्हिसा पुण्यातल्या स्विचला आणि स्विच बँकेच्या मूळ खातेवहीला, म्हणजे कोअर बँकिंग प्रणालीला. खात्यात पैसे आहेत का? पिन बरोबर आहे का? उत्तर त्याच वाटेनं परत जातं. हे सगळं काही सेकंदांत. निरोपाचा साचा जगभर एकच, आयएसओ ८५८३ नावाचा; त्यातल्या ३९ क्रमांकाच्या रकान्यात उत्तर असतं. तिथे ५१ आलं तर शिल्लक अपुरी. ०० आलं तर मशीन नोटा मोजायला लागतं.

दुबईच्या मशीनला खातेवही दिसत नाही. त्याला दिसतात फक्त ते दोन आकडे.

दुपारी ३

चोर आत शिरले होते ते आधीच. आता त्यांनी खऱ्या स्विचसोबत आपला एक तोतया स्विच उभा केला आणि बँकेच्या खातेवहीकडे जाणारी वाट तोडली. व्हिसाकडून विचारणा आली की ती तोतया अडवी, खातेवहीला न विचारताच ‘हो’ कळवी. पिन तपासणं नाही, शिल्लक पाहणं नाही.

बाहेर साडेचारशेच्या आसपास नकली कार्डं तयार होती, मागच्या काळ्या चुंबकी पट्टीवर माहिती उतरवलेली. पुण्यात दुपारचे तीन म्हणजे मॉस्कोत साडेबारा, दुबईत दीड, लंडनमध्ये सकाळचे साडेदहा आणि न्यू यॉर्कमध्ये पहाटेचे साडेपाच. २८ देशांत माणसं मशीनपुढे उभी राहिली. परदेशातल्या साधारण १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये गेले. भागाकार केला तर दर खेपेला सरासरी ६५,००० रुपये पडतात. तक्रारीत वेळ लिहिली आहे दुपारी तीन ते रात्री दहा, पण परदेशातला मुख्य उपसा दोन तासांच्या जरा वर चालला.

मधला अर्धा तास

मला विचाराल तर सगळी हकिगत या अर्ध्या तासात आहे.

अमेरिकेतून व्हिसाचे निरोप पुण्यात येऊन थडकले : तुमच्या कार्डांवर जगभरातून हजारोंनी मोठ्या रकमांच्या मागण्या येताहेत. बँकेच्या लोकांनी आपली प्रणाली उघडून पाहिली. काहीच वावगं नव्हतं.

असणार कसं? खातेवहीपर्यंत विचारणा पोचतच नव्हती. व्हिसाच्या वहीत हजारो नोंदी, बँकेच्या वहीत एकही नाही; आणि दोन्ही वह्या आपापल्या जागी प्रामाणिक. अशा वेळी माणूस आपल्या घरच्या वहीवर विश्वास ठेवतो. मीही ठेवला असता. सुमारे अर्ध्या तासानं, उगाच धोका नको म्हणून, कॉसमॉसची सगळी कार्डं थांबवायची परवानगी व्हिसाला दिली गेली.

संगणकशास्त्रात या पेचाला जुनं नाव आहे. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ यांनी १९८२ मध्ये तो बायझंटाइन सेनापतींच्या रूपात मांडला. शहराला वेढा घातलेले सेनापती दूतांकरवी एकमेकांशी बोलताहेत, त्यातला एक फितूर आहे आणि तो प्रत्येकाला वेगळंच सांगतोय. इमानी सेनापतींचं एकमत व्हायचं कसं? बंद पडलेलं यंत्र पकडणं सोपं असतं : उत्तर आलं नाही की समजायचं, मेलं. अवघड असतं ते चालू राहून खोटं बोलणारं यंत्र. एक फितूर पचवायचा तर एकूण निदान चार सेनापती हवेत, असं गणित निघालं. १९९९ मध्ये मिगेल कास्त्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी ते प्रत्यक्ष वापरण्याइतकं वेगवान करून दाखवलं, आणि ब्लॉकचेनच्या लाटेनंतर या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला.

मग बँकांनी एटीएमपाशी चार स्विच का ठेवू नयेत? कारण चौघांवर एकच सॉफ्टवेअर आणि चौघांना एकाच व्यवस्थापकाचा पासवर्ड असेल, तर एक फितूर झाला की चौघेही झालेच. हे गणित उभं आहे ते फितुरी एकट्यादुकट्याची असते या गृहीतावर. प्रती खरोखर वेगळ्या ठेवायच्या, वेगळ्या लोकांनी लिहिलेल्या आणि वेगळ्या हातांत असलेल्या, याचा खर्च कुठल्याही सहकारी बँकेच्या संचालक मंडळासमोर मांडून पाहा!

मग स्विचचा प्रोग्रामच आधी तपासून घेतला तर? पुण्याच्याच दुसऱ्या टोकाला, हडपसरला, टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ पासूनची. प्रोग्राम जसा वागायला हवा तसाच वागेल का, हे गणितानं तपासण्याचं काम पुण्यात वर्षानुवर्षं चाललं आहे. टीसीएस रिसर्चच्या इथल्या मंडळींचं ‘व्हेरिअ‍ॅब्स’ हे साधन आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिलंही आलेलं आहे. पण ही तपासणी होते ती लिहिलेल्या प्रोग्रामची. शनिवारी उत्तर देणारा प्रोग्राम बँकेनं लिहिलेला नव्हताच.

साधा उपाय जुना आहे, मुनीमजींचा : दोन वह्या समोरासमोर धरून ताळा करायचा. फक्त तो दिवस संपल्यावर करून भागत नाही.

संध्याकाळ, कोल्हापूर

देशातल्या देशात रुपे कार्डांवर सुमारे २,८०० व्यवहार झाले, अडीच कोटींचे. त्यातले ८९ लाखांच्या आसपास एकट्या कोल्हापुरातल्या मशीनमधून निघाले, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक. हातात कार्डांची चळत घेऊन एकामागून एक कार्ड घालणारे हे लोक संगणकातले कोणी उस्ताद नव्हते. काहींची तर अशी समजूत करून दिली होती की सिनेमात छोटी भूमिका आहे, एटीएममधून पैसे काढायचा प्रसंग. कॅमेरा त्यांच्यासमोर होताही. पुढे पोलिसांनी त्याचंच चित्रण आणि त्या परिसरातल्या मोबाइलच्या नोंदी ताडून माणसं शोधली.

रविवार, १२ ऑगस्ट

श्रावणाचा पहिला दिवस. व्हिसाकडून संपूर्ण यादी आली. बारा हजार ओळी.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

पहिला श्रावणी सोमवार. एटीएमची जखम बांधण्यात सगळे गुंतलेले असताना चोर दुसऱ्या दारातून शिरले. बँका एकमेकींना पैशांचे संदेश धाडतात त्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेला पैसे पाठवण्याचे आदेश सुटले, एएलएम ट्रेडिंग लिमिटेडच्या खात्यात. रक्कम १३ कोटी ९२ लाख.

हे वाचून मला अजूनही चडफडायला होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघडकीला आला होता, आणि त्यातही दुखणं हेच होतं : स्विफ्टचे संदेश एकीकडे, खातेवही दुसरीकडे, मध्ये सांधा नाही. २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर याच स्विफ्टच्या वाटेनं गेले होते, तेही सुट्टीचा मोका साधून.

मंगळवार, १४ ऑगस्ट

चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. एकूण ९४ कोटी ४२ लाख. बँकेनं एटीएम आणि नेट बँकिंग बंद ठेवलं आणि सांगितलं की ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही. लोकांना ती सारवासारव वाटली असेल, पण ते अक्षरशः खरं होतं. खातेवहीची वाट तोडलेली असल्यामुळे नावे टाकायची नोंदही तिच्यापर्यंत गेली नव्हती. ज्या तुटक्या धाग्यानं चोरी झाकली, त्यानंच ठेवीदारांची शिल्लक जागच्या जागी राखली. खड्डा पडला तो बँकेच्या स्वतःच्या पैशांत.

त्यानंतर

२ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकी यंत्रणांनी अशा तोतया ‘हो’च्या पद्धतीला ‘फास्टकॅश’ नाव देऊन तिची तांत्रिक माहिती प्रसिद्ध केली आणि ती उत्तर कोरियाच्या पदरात घातली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात कॉसमॉसचं नाव त्याच देशाच्या खात्यावर आलं. पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. तोतया स्विच उभा करणारे हात त्या अकरांत नव्हते.