सहवैमानिकाचे तास

प्रत्येक वैमानिक आपल्यापाशीं एक नोंदवही बाळगतो. दिनांक, विमानाचा प्रकार, कोठून कोठें गेला, किती वेळ उडाला, हें सारें तींत नोंदवावयाचें असतें. परंतु तींतील खऱ्या मोलाचे रकाने दोनच : कप्तान म्हणून काढलेले तास, आणि सहवैमानिक म्हणून काढलेले तास. पुढील बढती केवळ या दोहोंच्या बेरजेवर नव्हे, तर प्रत्येकाच्या निराळ्या हिशेबावरहि ठरते.

संग्रामपूर तालुक्यांतील वरवट बकालच्या श्रोत्यांना हा भेद फोडून सांगावयास नको. औत सालदार हाकतो. सातबाऱ्यावर नांव मात्र मालकाचें. विमानहि एखादे वेळीं सहवैमानिकच उडवितो व उतरवितो. तथापि कप्तानपणाचा तास पडतो तो ज्याच्या शिरावर जबाबदारी त्याच्या नांवें. अमेरिकेंत मात्र योग्य परवानाधारकानें एकट्यानें सुकाणूं धरलें, तर जबाबदारी दुसऱ्याची असतांहि तो वेळ त्याला कप्तानाच्या रकान्यांत मांडतां येतो. मला ही मोकळीक फारशी रुचत नाहीं.

सहवैमानिकाच्या तासांना किंमत किती, याचाहि दंडक आहे. १९४४ च्या शिकागो करारास धरून परवान्यांचे आंतरराष्ट्रीय नियम १९४८ सालीं मंजूर झाले. आजच्या नियमांप्रमाणें, ज्या विमानाला दोन वैमानिक आवश्यकच असतात, त्यावरील तास वरच्या परवान्यासाठीं पूर्ण धरतां येतात. जें विमान एकट्यानें चालविण्यासारखें असतें, त्यावरील फार तर निम्मे.

पण तास पुरे भरले म्हणजे कप्तानाची खुर्ची मिळतेच असें नाहीं. आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या निजामी राज्यांत १९४५ सालीं ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी निघाली. आठ कंपन्यांनीं नाकारलेल्या प्रेम माथुर यांना तिनें सहवैमानिक म्हणून घेतलें, हें तिच्या लौकिकास साजेसेंच. मात्र आवश्यक तास भरल्यावर त्यांनीं कप्तानपद मागितलें, तेव्हां तें मिळालें नाहीं. नियमाची अडचण नव्हती. अडचण होती ती स्त्रीला कप्तान करण्याची. माथुर यांनीं ती नोकरी सोडली, पुढें घनश्यामदास बिर्ला यांचें खाजगी विमान चालविलें, आणि १९५३ सालीं त्या ‘इंडियन एअरलाइन्स’मध्यें गेल्या.

नोव्हेंबर १९८५ मध्यें याच ‘इंडियन एअरलाइन्स’चें एक फोकर विमान कलकत्त्याहून सिल्चरला गेलें. दोन्हीं वैमानिक स्त्रिया होत्या. कप्तान सौदामिनी देशमुख. सहवैमानिक निवेदिता भसीन. त्या उड्डाणाचे तास देशमुखांच्या वहींत पहिल्या रकान्यांत पडले, भसीन यांच्या वहींत दुसऱ्या. १९९० च्या जानेवारींत, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, भसीन स्वतः जेट विमानाच्या कप्तान झाल्या.