तबलावादकांचा चिल्ला

तबल्याच्या घराण्यांत रियाजाची सर्वांत कठोर रीत म्हणजे चिल्ला. सूफी साधकांच्या ४० दिवसांच्या एकांतसाधनेशी तिचे नाते आहे. चिल्ल्यात वादक एकच कायदा, म्हणजे बोलांची एक ठरलेली रचना, धरून बसे. आधी ठाय, म्हणजे संथ लय; ‘तिट’चे दोन्ही बोल सुटे व स्वच्छ उमटले, की मगच दुगुण, म्हणजे दुप्पट लय. हा क्रम फार मोलाचा, कारण घाईत बसलेला हात सुधारणे नव्याने शिकण्याहून अवघड जाते. घराण्याच्या अशाच शिस्तीत, मुंबईत तबलावादक मुनीर खाँ यांच्या तालमीत अहमदजान थिरकवा घडले. पुढे थिरकवांनी गायक-नट बालगंधर्वांना साथ केली. दुसरीकडे, घराण्यांबाहेरही शिकता यावे म्हणून १९०१ मध्ये गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा आल्या, संगीतशिक्षण सर्वांना खुले झाले. रियाज मात्र विद्यार्थ्याने घरीच करायचा राहिला.