दत्तू बाबू, बाबू दत्तू

आमच्या भावकीत एक माणूस एकशे चौदा वर्षं जगला. त्याने चार लग्नं केली आणि धाकटा मुलगा त्याला वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी झाला. निदान आमच्या ऑनलाइन वंशावळीत सहा महिने तसं लिहिलेलं होतं आणि कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

चूक अर्थातच माझी. सारखी नावं शोधून एकत्र करणारी एक स्क्रिप्ट मी रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना लिहिली होती. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत तिला कुठून माहीत असणार? त्या माणसाला आपण दत्तू म्हणू. बाबूचा दत्तू, दत्तूचा बाबू, त्या बाबूचा परत दत्तू. जुन्या कागदांत आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं 'दत्तू बाबू' किंवा 'दत्तू बिन बाबू'. गाव तेच, नाव तेच, बापाचं नाव तेच. स्क्रिप्टने आजोबा आणि नातू एक करून टाकले आणि मधला बाबू बिचारा स्वतःच्याच मुलाचा मुलगा झाला.

पकडलं ते गारगोटीच्या आत्याने. तिला मी मोबाईलवर तो फांद्यांचा तक्ता दाखवत होतो. ती चष्मा वर करून म्हणाली, "आरं, ह्यो म्हातारा तर प्लेगात गेला. माझ्या आज्जीनं सांगितल्यालं. दुसरा दत्तू तो शाळंजवळचा." विषय संपला. मी पुण्यात बसून जे सहा महिने सांभाळत होतो ते तिने अर्ध्या मिनिटात सोडवलं.

तर, ही वंशावळ. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही अकरा जणांनी ती सुरू केली. गारगोटी आणि आसपासच्या चार गावांत पसरलेली भावकी, त्यातले निम्मे लोक पुणे, मुंबई, इचलकरंजीत. पगार कुणालाच नाही. मी प्रकल्पाचा प्रमुख, म्हणजे काम झालं नाही की ज्याला फोन येतो तो. सुरुवातीला वाटलं होतं की हे डेटा एन्ट्रीचं काम आहे. फॉर्म करायचा, लिंक पाठवायची, माणसं भरतील. (माणसं भरत नाहीत. माणसं 'छान उपक्रम' म्हणतात.)

जगात असे प्रकल्प बरेच आहेत. १९९६ साली अमेरिकेत केंटकी राज्यात काही हौशी मंडळींनी ठरवलं की राज्यातली एकेक काउंटी एकेका स्वयंसेवकाने दत्तक घ्यायची आणि तिथल्या जन्म, लग्न, दफनाच्या नोंदी टाइप करून सगळ्यांसाठी फुकट ठेवायच्या. त्याच वर्षी ते लोण देशभर गेलं, त्याचं नाव यूएसजेनवेब. मी गावं वाटून दिली ती ही कल्पना उचलूनच. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' निघाली. हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या गोऱ्या साहेबांच्या, सैनिकांच्या, रेल्वेवाल्यांच्या नोंदी तिचे स्वयंसेवक उतरवून काढतात. म्हणजे इथे येऊन गेलेल्या एखाद्या गोऱ्या शिपायाच्या खापरपणतूला त्याचा पूर्वज घरबसल्या सापडू शकतो, आणि इथेच दहा पिढ्या राहिलेल्या आम्हाला पणजीचं माहेर सापडत नाही.

या मंडळींकडून एक धडा आयताच मिळाला. अमेरिकन स्वयंसेवकांची बरीच पानं रूट्सवेब नावाच्या सर्व्हरवर होती. तो २००० साली एका मोठ्या कंपनीकडे गेला. डिसेंबर २०१७ मध्ये त्यातून सुमारे तीन लाख खात्यांची माहिती फुटल्याचं उघड झालं आणि कंपनीने तो बंदच करून ठेवला. लोकांची वर्षानुवर्षांची मेहनत महिनोन्‌महिने दिसेना. म्हणून आमच्या वंशावळीची प्रत दर महिन्याला तीन घरांत पेन ड्राइव्हवर जाते आणि दिवाळीला एक छापील प्रत आबांच्या ट्रंकेत.

पण आबांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, या सगळ्याचं काही कौतुक नव्हतं. ते म्हणाले, "हेळवी येतोय की दर दोन-तीन वर्सानं. त्याच्याकडं हाय समदं."

पुण्या-मुंबईच्या वाचकांना हेळवी माहीत नसेल. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ सांभाळणारी ही जमात. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा. बैलावर पाय दुमडून बसून, अंगावर घोंगडी घेऊन गावात यायची त्यांची जुनी रीत. सुगी झाली, धान्य घरात आलं की हेळवी दारात येणार, घराण्याचं कूळ, मूळ गाव, कुणाच्या पोटी कोण हे म्हणून दाखवणार, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत घालणार आणि पायलीच्या हिशेबाने धान्य घेऊन पुढच्या दारी जाणार. कोणत्या हेळव्याची कोणती गावं हे ठरलेलं. एकाच्या गावात दुसरा शिरत नाही. केंटकीतल्या लोकांनी १९९६ साली काउंट्या वाटून घेतल्या, यांनी त्या केव्हाच वाटून घेतल्या होत्या.

आमचा हेळवी आता मोटारसायकलवर येतो. मी मुद्दाम रजा टाकून गारगोटीला गेलो. तो सोप्यात बसला, डोळे मिटले आणि वही न उघडता सात पिढ्या म्हटल्या. दोन्ही दत्तू वेगवेगळे. मी मान खाली घालून ऐकत होतो. मग मी माझा प्रस्ताव मांडला, की वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढतो, ऑनलाइन ठेवतो, म्हणजे पुरात-वाळवीत गेली तरी चिंता नको.

तो शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमी फुकट दावणार. मग मला पायली कोण घालणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'माहिती सर्वांसाठी खुली असावी' हे वाक्य आम्ही कॉन्फरन्समध्ये बोलतो तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळणार असतो. शेवटी ठरलं ते असं: आमच्या घराण्याच्या पानांपुरतं तो वाचून दाखवेल, मी उतरवून घेईन, आणि प्रत्येक नावापुढे 'हेळवी वही' असा आधार लिहीन. फोटो नाही. आणि पायली दरवेळी, ऑनलाइन असो वा नसो. काही स्वयंसेवक माझ्यावर नाराज झाले. मला अजूनही वाटतं की बरोबर केलं.

त्याची वही लिहून घेताना एक गोष्ट लक्षात आली. त्यात मुली नाहीत. बायका आहेत त्या 'अमक्याची बायको' म्हणून, त्याही सगळ्या नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, जुने विचार, दुसरं काय. पण मग मी इतर जुने कागद बघायला लागलो आणि वेगळंच दिसलं. आपल्याकडे वंशावळ हौसेसाठी कधी काढलीच जात नसे. ती काढली जायची हक्कासाठी. पाटीलकी कुणाची, कुलकर्णीपणात थोरला हिस्सा कुणाचा, यावर भांडण झालं की गोतसभेपुढे दोन्ही बाजू आपापली वंशावळ मांडायच्या आणि गावातली जाणती माणसं साक्ष द्यायची. ज्याला हक्क पोचत नाही त्याचं नाव कागदावर यायचं काही कारणच नव्हतं.

आमच्याच तालुक्याचं उदाहरण घ्या. गारगोटीजवळच्या भुदरगडावर शिबंदीचे गडकरी पिढीजात होते. गड राखायचा, त्याबदल्यात जमीन खायची, बापानंतर मुलाने. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या इंग्रजधार्जिण्या कारभाराने त्या जमिनींच्या व्यवस्थेत हात घातला तेव्हा सामानगडाच्या आणि भुदरगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. ते बंड फौज आणून मोडलं आणि त्यानंतर ही पिढीजात शिबंदी संपवली गेली. पुढे १९१८ साली शाहू महाराजांनी संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. खुद्द शाहू महाराजांची गोष्ट तर आमच्यासारख्या डेटाबेसवाल्यांना घाम फोडणारी. जन्म १८७४ चा कागलच्या घाटग्यांच्या घरात, १८८४ मध्ये दत्तक जाऊन भोसल्यांच्या गादीवर. रक्ताचं झाड काढायचं की गादीचं? आम्ही दोन वेगळ्या रेषा ठेवल्या, जन्माची सलग आणि दत्तकाची तुटक. भावकीत नऊ दत्तक निघाले.

आता मुलींकडे येतो. खरा तमाशा तिथेच झाला.

मुलींची नावं सापडायची एक हमखास जागा आहे, आणि ती म्हणजे तलाठ्याकडची वारस नोंद. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाची वारस झाली. त्यामुळे त्यानंतर कुणी वारलं की फेरफारात मुलांबरोबर मुलींची नावं यायला लागली. मी तर खजिना सापडल्यासारखा नाचलो. दोन पिढ्यांच्या आत्या, त्यांची सासरची नावं, गावं, सगळं एका पानावर! पण पुढचा फेरफार काढला की बऱ्याचदा त्याच बहिणींचं हक्कसोडपत्र. म्हणजे नाव लागतं ते पुढे कमी करण्यासाठी. एका नोंदीत चार बहिणी आल्या आणि पुढच्याच नोंदीत चारही गेल्या. मी त्या चौघींना वंशावळीत घातलं.

त्याच सुमारास, ११ ऑगस्ट २०२० ला, सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा खटल्यातला निकाल आला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिलाच होता. न्यायालयाने म्हटलं की तो हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला. ज्यांनी तोवर एकही नाव भरलं नव्हतं ते आता बारकाईने वंशावळ वाचत होते. "पोरींची नावं कशाला घातलीस? उद्या कुणी प्रिंट काढून कोर्टात गेलं म्हंजे?" एका काकांनी तर स्वच्छ सांगितलं, एक तर मुली काढ, नाही तर आमचं घर काढ.

मी समजावून बघितलं की हक्क कायद्याने येतो, माझ्या पानामुळे नाही, आणि ती नावं तलाठ्याकडे आहेतच. उपयोग शून्य. अकरातले दोघे सोडून गेले. मीही दोन आठवडे लॉगिन केलं नाही, खोटं कशाला बोलू. नोकरी करून रात्री फुकट काम करायचं आणि वर शिव्या खायच्या, कुणी सांगितलंय! शेवटी मधला मार्ग काढला: हयात माणसं सगळी झाकायची, पुरुष असो की बाई, आणि त्या त्या घराला फक्त आपलं घर दिसेल. पण गेलेल्यांमध्ये भेद नाही. मुलगी होती म्हणजे होती. त्या काकांचं घर आजही कोरं आहे, फक्त 'विनंतीवरून वगळले' अशी ओळ.

मग २०२३ उजाडलं. कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, लोक धूळ झटकून बघू लागले. नुसती नोंद सापडून भागत नाही, त्या माणसापासून स्वतःपर्यंत वंशावळ जोडून दाखवावी लागते. तेव्हा परत फोन. यावेळी सूर गोड. "आमची तेवढी लाइन दे की." दिली. आनंदाने दिली.

एकाचा फोन मात्र लक्षात राहिला. त्याच्या पणजोबांची नोंद सापडत नव्हती, पण शेजारच्या गावात त्याच नावाच्या एका माणसाची होती. "नाव तेच, बापाचं नाव तेच. तू फक्त जोडून टाक. तुझ्या हातात हाय." त्याच्या मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडला होता. ती मुलगी हुशार आहे, मला माहीत आहे. पण मी आधीच एकदा दोन दत्तू एक केले होते, तेही चुकून. आता जाणूनबुजून? मी त्याला सांगितलं की दोन जाणत्या माणसांची साक्ष आण, वेगवेगळ्या घरांतली, आधाराच्या रकान्यात लिहितो. त्याने आणली नाही. तो आता लग्नकार्यात भेटला तरी बोलत नाही.

आधाराचा तो रकाना आम्ही सगळ्यांत शेवटी केला, खरं तर पहिल्यांदा करायला हवा होता. प्रत्येक रेषेमागे कुणी सांगितलं, कोणता कागद, केव्हा. कागद नसेल तर 'ऐकीव' असं लिहायचं, त्यात कमीपणा नाही. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवायच्या. आज साधारण चौदाशे नावं आहेत आणि त्यातली तीनशेच्या वर नुसती 'ऐकीव: आत्या' आहेत.

मागच्या महिन्यात आत्याकडे गेलो तेव्हा तिच्या आईच्या नावावर अडलो होतो. कोतवाल बुकात एक नाव, वारस नोंदीत दुसरं. मला वाटलं आजोबांच्या दोन बायका. आत्या हसायला लागली. लग्नात नाव बदललेलं. माहेरचं नाव घरात कुणी घेत नसे, फक्त आजीचा भाऊ भाऊबीजेला यायचा तेव्हा त्या नावाने हाक मारायचा, एवढंच आत्याला आठवत होतं. मी दोन्ही नावं घातली.

सुगी झाली की हेळवी येणार आहे. यंदा मला माझ्या लेकीचं नाव त्याच्या वहीत घालायचंय. आबा म्हणतात, "घालंल की, पर एक पायली जास्त मागंल." मी दोन काढून ठेवायला सांगितल्या आहेत.