कौल आणि स्लॅब

घर थंड राहावे म्हणून भिंत जाड असावी, हा देशावरचा अनुभव आहे. तेथे उन्हाळ्यात दुपारच्या आणि पहाटेच्या तपमानांत मोठे अंतर असते. दिवसा शोषलेली उष्णता मातीची भिंत रात्रीच्या गार हवेत सोडून देते. केरळच्या किनाऱ्यावर हे गणित जमत नाही. तेथील हवा रात्रीही फारशी निवत नाही, आणि ती इतकी दमट असते की अंगावरचा घाम वाळवावयास वाराच लागतो. साहजिकच तेथील सुताराने भिंतीपेक्षा सावलीचा आणि वाऱ्याचा विचार अधिक केला.

त्या विचारातून ‘नालुकेट्टु’ घडले. चार बाजूंना सोपे आणि मध्ये उघडे अंगण. आपल्याकडील चौकाच्या वाड्याची आठवण व्हावी असे. छप्पर मात्र चांगलेच उतरते, आणि वळचण वाकून आत जावे लागेल इतकी खाली, म्हणून ऊन व पाऊस भिंतीपर्यंत क्वचितच पोहोचत. पद्मनाभपुरम येथे त्रावणकोरच्या जुन्या राजवाड्यात लाकडी जाळ्यांतून वारा मोकळा येतो, ऊन मात्र गाळून येते. छपराची धग वरच्या पोकळीत राहते. तक्तपोशीखाली बसलेल्या माणसाला ती फारशी लागत नाही.

सामान्यांची घरे झावळ्यांनी शाकारलेली असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि ती कौले गलबतांतून कोकणात व मुंबईतही आली. कौल पातळ असल्याने सूर्यास्तानंतर लवकर निवते. सांध्यांतून गरम हवाही निसटते. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि माणसे निजावयास जातात त्याच सुमारास ती उष्णता खाली सोडू लागतो. पंखा मग तीच हवा घुसळीत बसतो.

तरीही लोकांनी स्लॅब स्वीकारला, यात त्यांचे काही चुकले असे म्हणवत नाही. लाकूड महागले होते, वाळवी होती, एकत्र कुटुंबे मोडत होती. जुनी घरे आतून काळोखी होती, आणि त्यांतला धूर बायकांनीच सोसला होता. १९४५ साली इंग्लंडातून आलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी तिरुअनंतपुरमला विटांच्या जाळीदार भिंती उभारल्या. स्लॅबच्या पोटात कौले बसवून काँक्रीटही वाचविले. त्यांचे अनुयायी झाले. पण बहुसंख्य घरे नेहमीच्याच स्लॅबची होत राहिली.

आज केरळात, आणि कोकणातही, अनेक घरमालक गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे किंवा कौलांचे उतरते छप्पर घालतात. कारण विचारले तर गळती सांगतात. खालच्या खोल्यांत उकाडा कमी झाल्याचे मागाहून सांगतात.