न आलेल्या उत्तराचा अर्थ

एक साधा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. कॉलेजच्या जिमखान्याबाहेरच्या फळ्यावर एक कागद लावला आहे. मुलींचा अमुक एका खेळाचा संघ काढण्याचा विचार आहे, तरी इच्छुकांनी शनिवारपर्यंत नावे द्यावीत, असा मजकूर. शनिवारी पाहावे तो कागदावर चार नावे. जिमखान्याचे सर कागद काढतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि प्राचार्यांना जाऊन सांगतात, "साहेब, मुलींना आवडच नाही." विषय संपला!

तुम्ही म्हणाल, त्यात चुकलं काय? चार नावांवर का कुठे संघ उभा राहतो? प्रश्न अगदी रास्त आहे. पण असे पाहा, उरलेल्या मुलींनी नाव दिले नाही याचा अर्थ त्यांना खेळायचे नाही, असाच होतो काय? फळा कितीजणींनी पाहिला? ज्या खेळाचे मैदान, शिक्षक, सामने यांपैकी काहीच कधी दिसले नाही, त्याची आवड असल्याचे कोण छातीठोकपणे लिहून देईल? या एवढ्याशा वाटणाऱ्या प्रश्नावर अमेरिकेत पन्नास वर्षे खल झाला. कायदेमंडळ झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, सरकारी परिपत्रके निघाली आणि मागेही घेतली गेली. ती हकीकत तुम्हांला सांगायची आहे.

सुरुवात १९७२ सालची. त्या वर्षी २३ जूनला अध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका दुरुस्ती कायद्यावर सही केली. त्याचे नववे प्रकरण म्हणजेच 'टायटल नाइन'. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री किंवा पुरुष म्हणून कोणाला डावलता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. मूळ कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे. प्रतिनिधिगृहात एडिथ ग्रीन आणि हवाईच्या पॅट्सी मिंक, सिनेटमध्ये बर्च बाय यांनी ते लावून धरले. मौज अशी, की त्या ३७ शब्दांत खेळाचे नावसुद्धा नाही! वैद्यकीच्या आणि वकिलीच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळावा, अध्यापिकांना नोकऱ्या मिळाव्यात, ही मुख्य तळमळ होती. मैदानाचा विचार फारसा कोणाच्या मनात नव्हता.

तो आला तेव्हा मात्र धावपळ उडाली. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या जत्रेसारखा प्रकार. लाखो प्रेक्षक, तिकिटांचा पैसा, जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्या. ज्या खेळातून उत्पन्न येते तो या कायद्यातून वगळावा, अशी सूचना टेक्ससचे सिनेटर जॉन टॉवर यांनी १९७४ मध्ये आणली. ती टिकली नाही. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, सरकारने नियम केले. संस्था समान संधी देते की नाही हे ठरवताना काय काय पाहावे, याच्या यादीत पहिलीच बाब अशी: निवडलेले खेळ दोन्हींकडच्या विद्यार्थ्यांच्या आवडीला आणि कुवतीला पुरे पडतात की नाही. म्हणजे 'आवड' हा शब्द कायद्याच्या पोटात शिरला, आणि ती मोजायची कशी, हा प्रश्न जन्माला आला.

आता थोडे आकडे. १९७१-७२ साली अमेरिकेतल्या हायस्कुलांच्या संघांतून खेळणारी मुले ३६ लाखांवर होती आणि मुली २ लाख ९४ हजार. त्या वर्षी एखाद्याने प्रश्नावली वाटली असती, तर मुलींना खेळाचे वेड नाही असाच निष्कर्ष निघाला असता, आणि तो कागदोपत्री खराही ठरला असता. पण १९७७-७८ साली त्याच हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली २० लाखांवर गेल्या! सहा वर्षांत मुलींचा स्वभाव बदलला म्हणावे, तर ते कसे पटावे? पालटले होते ते एवढेच, की शाळांनी संघ काढले.

याच काळातला एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. कनेटिकट राज्यातल्या येल विद्यापीठाने पदवीवर्गाची दारे मुलींना उघडली ती १९६९ मध्ये. लवकरच तिथे मुलींचा नौकानयनाचा संघ उभा राहिला. सरावाची नदी गावापासून लांब. सराव आटोपला की मुलांना नदीकाठच्या बोटघरात गरम पाण्याच्या अंघोळीची सोय. मुलींना ती नाही. ऐन हिवाळ्यात ओल्या कपड्यांनिशी त्या बसमध्ये कुडकुडत बसायच्या, मुलांची अंघोळ होईपर्यंत. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. अखेर ३ मार्च १९७६ रोजी क्रिस अर्न्स्ट ही त्यांची कप्तान आणखी अठराजणींना घेऊन मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुखांच्या कचेरीत गेली. बरोबर एक वार्ताहर होता. मुलींनी अंगावरचे कपडे उतरवले. पाठीवर आणि छातीवर शाईने 'टायटल नाइन' लिहिलेले होते. तशा उभ्या राहून त्यांनी आपले निवेदन वाचून दाखवले. बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली, आणि पुढे बोटघरात मुलींसाठी सोय झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या नौकानयनाचा प्रथमच समावेश झाला, हेही जाता जाता ध्यानात ठेवा. या एकोणीसजणींना आवड आहे की नाही, हे विचारायला कोणाला कागद वाटावा लागला नाही.

१९७९ च्या डिसेंबरात सरकारने नियमाचा खुलासा केला आणि तीन कसोट्या घालून दिल्या. तीनपैकी एक उतरली तरी संस्था सुटली. पहिली, विद्यार्थिसंख्येत मुलींचे जे प्रमाण, साधारण तेच खेळाडूंत असावे. दुसरी, मुलींसाठी संस्था सातत्याने खेळ वाढवीत आलेली असावी. तिसरी, हे दोन्ही नसले तरी मुलींच्या आवडीला आणि कुवतीला असलेले खेळ पुरेपूर भागवत असावेत. पहिली कसोटी अंकगणिताची, दुसरी इतिहासाची. तिसरी मात्र मनाची, आणि सगळी भांडणे तिच्यापाशी येऊन ठेपली. तिच्यात पुन्हा तीन पोटप्रश्न: न भागलेली आवड आहे काय, संघ टिकवण्याइतकी कुवत आहे काय, आणि आसपास सामने खेळायला प्रतिस्पर्धी मिळतील काय.

ती भांडणे ब्राउन विद्यापीठाच्या खटल्यात उघड्यावर आली. ऱ्होड आयलंड राज्यातले हे जुने, नामवंत विद्यापीठ. १९९१ साली काटकसर म्हणून त्याने चार संघांचा खर्च काढून घेतला: मुलींचे व्हॉलीबॉल आणि जिम्नॅस्टिक्स, मुलांचे गोल्फ आणि वॉटरपोलो. दोनाला दोन, हिशेब चोख दिसतो, नाही का? पण वाचणाऱ्या सुमारे ७७ हजार डॉलरांपैकी ६२ हजार मुलींच्या दोन संघांचे होते. आणि जिम्नॅस्टिक्सच्या मुलींनी तर १९८९-९० मध्ये आपल्या आयव्ही लीगचे अजिंक्यपद मिळवलेले! त्या संघातली एमी कोहेन आणि तिच्या सोबतिणी १९९२ मध्ये कोर्टात गेल्या.

विद्यापीठाचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे, कारण तो आजही चारचौघांत ऐकू येतो. त्यांचे म्हणणे असे, की मुलींना खेळात मुलांइतका रसच नसतो. ज्याची जेवढी आवड त्याला तेवढ्या जागा द्याव्यात. सरसकट विद्यार्थिसंख्येशी तोलणे म्हणजे कोटा झाला. पुराव्यादाखल त्यांनी प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींच्या प्रश्नावल्या आणि कॉलेजांतर्गत खेळांत भाग घेणाऱ्यांचे आकडे पुढे केले. १९९३-९४ साली ब्राउनमध्ये मुली शंभरात ५१ होत्या आणि संघांतल्या खेळाडूंत शंभरात ३८.

अपील कोर्टाने १९९६ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. आवड आणि कुवत आकाशातून पडत नाहीत, संधी आणि सराव यांच्या पोटी त्या वाढतात. तेव्हा कालच्या आवडीचे माप घेऊन उद्याच्या जागा ठरवणे म्हणजे कालचा अन्याय गोठवून ठेवणे होय, असा न्यायमूर्ती बाउन्झ यांच्या निकालाचा रोख होता. एका न्यायमूर्तीने, टोरुएला यांनी, विरुद्ध मत दिले. त्यांनाही यात कोट्याचा वास आला. पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेण्यास नकार दिला आणि १९९८ मध्ये तडजोड झाली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या काळात अनेक कॉलेजांनी मुलींचे संघ वाढवण्याऐवजी मुलांचे कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्सचे संघ बंद केले आणि कायद्याकडे बोट दाखवले. ज्या पोराने लहानपणापासून आखाड्यात अंग घुसळले, त्याच्या दुःखाला खोटे कोण म्हणेल? कुस्तीच्या प्रशिक्षकांची संघटना २००२ मध्ये सरकारविरुद्ध कोर्टातही गेली, पण तिचा दावा उभा राहिला नाही. मला वाटते, फुटबॉलच्या अवाढव्य खर्चाला हात लावायचा नाही, हा निर्णय त्या त्या कॉलेजाचा होता. कायद्याने तो करायला सांगितला नव्हता.

या रागाची धग सरकारपर्यंत पोचली. १७ मार्च २००५ रोजी शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कचेरीने एक नवे खुलासापत्र आणि सोबत नमुना प्रश्नावली काढली. कॉलेजाने ती सर्व विद्यार्थ्यांना ईमेलने पाठवावी आणि पुरेशी आवड दिसली नाही, तर तिसरी कसोटी बहुतेक उतरलीच असे समजावे. आणि ज्यांचे उत्तरच आले नाही, त्यांचे काय? योग्य रीतीने पाठवूनही उत्तर आले नाही, तर त्या विद्यार्थिनीला आवड नाही असे धरायला हरकत नाही, असे पत्रात म्हटले होते.

म्हणजे आपला जिमखान्याच्या फळ्यावरचा कागदच की हो! फक्त तो आता संगणकावर आला होता. कॉलेजातली पोरे सरकारी ढंगाची पत्रे किती उत्साहाने उघडतात, हे ज्यांच्या घरी अशी पोरे आहेत त्यांना सांगायला नको.

याहून खोल दोष आणखी एक होता. अमेरिकेत कॉलेजचे खेळाडू वर्गात बसलेल्या मुलांतून 'कोण खेळतो रे?' असे विचारून गोळा होत नाहीत. प्रशिक्षक गावोगावच्या हायस्कुलांतून हेरून त्यांना आणतात. व्हॉलीबॉलवर जीव टाकणारी मुलगी, जिथे तो संघच नाही अशा कॉलेजात मुळी जाईलच कशाला? मग आत आलेल्यांना प्रश्न विचारायचा आणि व्हॉलीबॉलची आवड कोणाला नाही असे लिहून मोकळे व्हायचे, हे गोड्या पाण्याच्या विहिरीत डोकावून समुद्रात मासे नाहीत म्हणण्यासारखेच. मुलांचा फुटबॉल संघ ठेवावा की नाही, याची प्रश्नावली मात्र कोणी काढली नाही.

कॉलेजांच्या खेळांची मध्यवर्ती संस्था, एन.सी.ए.ए., हिनेच आपल्या सभासदांना ही पद्धत वापरू नका असे सांगितले. पाच वर्षांनी, २० एप्रिल २०१० रोजी, ते खुलासापत्र मागे घेण्यात आले. घोषणा करायला तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडेन वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठाच्या क्रीडागृहात गेले होते. प्रश्नावली बाद झाली नाही, पण ती अनेक पुराव्यांपैकी एक ठरली. विद्यार्थिनींनी मागणी केली आहे काय, एखादा खेळ त्या वर्गणी काढून क्लबात खेळतात काय, ज्या भागातून मुली येतात तिथल्या हायस्कुलांत कोणते खेळ चालतात, प्रशिक्षकांचे मत काय, हे सगळे पाहायचे. आणि उत्तर न येणे म्हणजे नकार, हे समीकरण गेले.

आवड कशी उगवते याचा सगळ्यांत मोठा दाखला पुन्हा नौकानयनानेच दिला. एका नावेत आठजणी वल्ही मारणाऱ्या आणि एक सुकाणूवाली. संघात साठ-साठ मुली सहज मावतात. फुटबॉलच्या मोठ्या पटाशी तोल साधायला हा खेळ सोयीचा, म्हणून १९९० नंतर पुष्कळ विद्यापीठांनी तो मुलींसाठी सुरू केला. हेतू काही फार थोर नव्हता, आणि क्वचित नुसती पटसंख्या फुगवल्याच्या तक्रारीही झाल्या. पण प्रशिक्षक आवारात हिंडून उंचनिंच नव्या मुलींना गाठत आणि येतेस का म्हणून विचारत. आयुष्यात वल्हे न धरलेल्या मुली पहाटे नदीवर जाऊ लागल्या. १९९७ मध्ये एन.सी.ए.ए.ने या खेळाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली.

नव्या खेळांसाठी या संस्थेने १९९४ पासून एक वाट आखून ठेवली आहे. खेळ आधी 'होतकरू' यादीत येतो. चाळीस कॉलेजांनी संघ काढले की तो राष्ट्रीय स्पर्धेला पात्र होतो. बर्फावरची हॉकी आणि वाळूवरचे व्हॉलीबॉल याच वाटेने वर आले. आणि आता कुस्ती! होय, मुलींची कुस्ती. हायस्कुलांत ती खेळणाऱ्या मुली २०२२-२३ साली ५० हजारांवर गेल्या होत्या. मुलींचा संघ नसल्यामुळे त्यांतल्या कितीतरीजणी सुरुवातीला मुलांच्या संघात, मुलांशीच झोंबत शिकल्या. २०२५ च्या जानेवारीत एन.सी.ए.ए.ने स्त्रियांच्या कुस्तीला आपली ९१ वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा म्हणून मान्यता दिली.