विश्लेषण : गेमिंग फॅन साइटवर गेल्यावर तुमच्या माहितीचं नेमकं काय होतं?

जीटीए सॅन अँड्रियासमध्ये एखादं मिशन अडलं किंवा माइनक्राफ्टमध्ये एखादी वस्तू कशी बनवायची ते आठवेना, की हात आपोआप ब्राउझरकडे जातो. शोधात वर येतं ते बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्या कंपनीचं पान नसतं, तर चाहत्यांनी उभी केलेली साइट असते. दोन मिनिटांत उत्तर मिळतं आणि टॅब बंद होतो. लॉगिन केलं नाही, नाव दिलं नाही, मग माहिती गेली कुठे, असं वाटणं साहजिक आहे.

पण तेवढ्यात साइटच्या सर्व्हरवर तुमच्या भेटीची नोंद झालेली असते. पानावर जाहिराती असतील तर ती खबर अशा कंपन्यांपर्यंतही पोहोचलेली असते, ज्यांचा त्या गेमशी काडीचा संबंध नाही. फॅन साइट म्हणजे आपल्यासारख्याच कुणीतरी हौसेने चालवलेली जागा, म्हणून तिथे लोक जरा निर्धास्त असतात. बँकेच्या ॲपवर करतात तो विचार इथे करत नाहीत. घोळ इथेच आहे. माहिती मोठ्या साइटसारखीच गोळा होते, ती सांभाळणारी माणसं मात्र कित्येकदा एक-दोनच असतात आणि तीही नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे काम करणारी.

लॉगिन न करता काय नोंदलं जातं?

कोणतंही पान मागवलं की सर्व्हर आपल्या नोंदवहीत एक ओळ लिहितो. तिला सर्व्हर लॉग म्हणतात. त्या ओळीत तुमचा आयपी ॲड्रेस, वेळ, कोणतं पान मागवलं, कोणत्या पानावरून आलात आणि ब्राउझर व फोन कोणता, एवढं साधारणपणे असतं. ही हेरगिरी नाही. साइटवर हल्ला झाला किंवा बॉटचा लोंढा आला तर अडवायचं कुणाला, हे या नोंदीवरूनच कळतं. प्रश्न एवढाच की या ओळी किती दिवस ठेवल्या जातात. काही ठिकाणी त्या आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप पुसल्या जातात, तर काही ठिकाणी कुणी लक्षच न दिल्याने वर्षानुवर्षं साचत राहतात.

आयपी ॲड्रेसवरून घर नंबर कळत नाही. अंदाजे शहर आणि इंटरनेट कंपनी कळते. भारतात मोबाइल डेटावर एकाच आयपीमागे एका वेळी अनेक ग्राहक असू शकतात, त्यामुळे तो आणखी धूसर होतो. तरीही तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता हे इंटरनेट कंपनीला शोधता येतं. म्हणूनच युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं, की सतत बदलणारा आयपी ॲड्रेससुद्धा काही परिस्थितींत वैयक्तिक माहिती ठरतो.

मग येते कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत तिचा जन्म झाला. आधीची भेट साइटच्या लक्षात राहावी, एवढाच तिचा हेतू होता. साइटने स्वतः ठेवलेली कुकी बहुधा निरुपद्रवी असते. डार्क मोड निवडला होता किंवा लॉगिन केलं होतं, हे तिच्यामुळे आठवतं. वाद आहे तो तिसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या कुकीचा. तुम्ही पोकेमॉनच्या साइटवरून बुटांच्या दुकानात आणि तिथून बातम्यांच्या साइटवर गेलात, तरी तीच कंपनी तिन्ही ठिकाणी तुम्हाला ओळखू शकते.

याची कल्पना साइट चालवणाऱ्यालाही नसते असं बरेचदा होतं. देखणे फॉन्ट हवेत म्हणून गूगलवरून मागवले, ट्रेलर दाखवायला यूट्यूबची चौकट लावली, गप्पांसाठी डिस्कॉर्डचं विजेट टाकलं. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी तुमचा ब्राउझर त्या-त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि जाताना आयपी ॲड्रेस देतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने अशाच प्रकरणात एका साइटला, केवळ गूगलवरून फॉन्ट मागवून अभ्यागताचा आयपी त्यांच्याकडे गेला म्हणून, १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. रक्कम किरकोळ आहे, पण त्यानंतर अनेकांनी फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर आणून ठेवले.

जाहिरातीचा लिलाव

सर्व्हरचं भाडं कुणीतरी भरावं लागतं आणि बहुतेक फॅन साइट्स ते जाहिरातींतून काढतात. पान उघडताना जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीसाठी चक्क लिलाव होतो. कोणतं पान आहे, फोन कोणता, अंदाजे ठिकाण कोणतं आणि कुकीतला ओळख क्रमांक काय, असा तपशील बोली लावणाऱ्या कंपन्यांना पाठवला जातो. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात सौदा ठरतो. जाहिरात जिंकणाऱ्याचीच दिसते, पण तपशील हरणाऱ्यांच्या हातीही पडलेला असतो.

साइटचे भागीदार कोण, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ असं इंग्रजीत टाइप करा. जाहिराती विकणाऱ्या बऱ्याच साइट्स ही फाइल उघडी ठेवतात. त्यांची जागा विकण्याचा अधिकार कुणाकुणाला आहे, याची ती यादी असते. एखाद्या लहानशा गेमच्या साइटवर शेकडो ओळींची यादी पाहिली, की गोपनीयता धोरणातल्या ‘काही विश्वासू भागीदार’ या शब्दांकडे बघायची नजर बदलते.

एकच मजकूर, दोन पत्ते

माइनक्राफ्ट विकी अनेक वर्षं फॅन्डम या कंपनीच्या यंत्रणेवर होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या संपादकांनी चर्चा करून बिऱ्हाड हलवलं आणि वीअर्ड ग्लूप या लहान संस्थेच्या सर्व्हरवर स्वतंत्र पत्त्यावर नवा विकी उभा केला. ही संस्था रूनस्केप विकीच्या संपादकांनी सुरू केलेली. तो विकीसुद्धा २०१८ मध्ये असाच बाहेर पडला होता. जाहिरातींचा भडिमार ही संपादकांची मोठी तक्रार होती. रूनस्केप विकीला गेमची कंपनी जॅगेक्स आर्थिक मदत करते, त्यामुळे तिथे जाहिराती नाहीत.

जुना विकी मात्र बंद झाला नाही. मजकूर खुल्या परवान्याखाली असल्याने तो दोन्हीकडे राहू शकतो. म्हणजे एकाच गेमची जवळपास तीच माहिती देणारे दोन पत्ते तयार झाले आणि तुमच्या भेटीची नोंद कोणाकडे राहणार, हे तुम्ही शोधात कोणत्या निळ्या ओळीवर बोट ठेवता त्यावर ठरू लागलं.

विकीवर काही दुरुस्ती केली असेल तर आणखी एक गोष्ट. मीडियाविकी ही विकींची सर्वांत प्रचलित प्रणाली. तिच्या पारंपरिक पद्धतीत लॉगिन न करता बदल केला तर पानाच्या इतिहासात तुमचा आयपी ॲड्रेसच नाव म्हणून छापला जातो आणि तो जगाला दिसतो. लॉगिन करूनही प्रत्येक बदलाची तारीख-वेळ उघडी राहते. चिकाटीने बघणाऱ्याला त्यावरून तुमच्या झोपेच्या वेळा सांगता येतील.

साइट विकली जाते तेव्हा

खाते उघडलं असेल तर नोंदीत ईमेल आणि पासवर्ड येतो, काही ठिकाणी जन्मतारीखही. ही माहिती ज्याच्या विश्वासावर दिली तो मालक कायम राहीलच असं नाही. गेमएफएक्यूज ही साइट १९९५ मध्ये एका अमेरिकन गेमरने स्वतःच्या हौसेपोटी सुरू केली. २००३ मध्ये ती सीनेटने घेतली. २००८ मध्ये सीनेटच सीबीएसच्या ताब्यात गेली, २०२० मध्ये तो कारभार रेड व्हेंचर्सकडे आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये फॅन्डमकडे. दरम्यान २०१८ च्या अखेरीस फॅन्डमने गेमपीडिया हे विकींचं मोठं जाळंही विकत घेतलं होतं.

यात बेकायदा काही नाही. बहुतेक गोपनीयता धोरणांत तळाशी एक कलम असतं, की व्यवसायाची विक्री झाली तर वापरकर्त्यांची माहिती नव्या मालकाकडे जाईल. हे कलम कुणी वाचत नाही, पण बहुधा सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं तेच.

आणि लीक झाली तर?

ऑगस्ट २०१६ मध्ये जीटीएगेमिंग या चाहत्यांच्या साइटवरून सुमारे दोन लाख खात्यांची माहिती चोरीला गेली. त्याच वर्षी जानेवारीत लाइफबोट या माइनक्राफ्ट पॉकेट एडिशनच्या सर्व्हर-समूहातून ७० लाखांवर खाती फुटली होती. दुसरं प्रकरण जास्त बोचणारं आहे. पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीने, त्यात काहीही मिसळ न करता साठवले होते. अशी सांकेतिक रूपं आजच्या संगणकांवर फार झटपट उलगडतात. शिवाय लाइफबोटच्या मार्गदर्शिकेतच छोटा पासवर्ड ठेवा, ही काही ऑनलाइन बँक नाही, अशा अर्थाचा सल्ला होता. चोरी लक्षात आल्यावर पासवर्ड गुपचूप बदलायला लावले गेले. वापरकर्त्यांना खरं कारण कळलं ते एप्रिलमध्ये, तेही बातम्यांतून.

ही बँक नाही हे खरंच. पण तोच पासवर्ड शाळकरी मुलाने ईमेललाही ठेवला असेल, तर गेमच्या साइटवरून निघालेली किल्ली थेट ईमेलचं दार उघडते आणि तिथून पुढे बाकी सगळंच.

कायदा काय म्हणतो?

‘१३ वर्षांखालील मुलांनी नोंदणी करू नये’ ही ओळ बहुतेक साइट्सवर दिसते. ती अमेरिकेच्या १९९८ च्या ‘कोपा’ कायद्यातून आली. कुकीच्या परवानगीची पट्टी वाढली ती २५ मे २०१८ ला युरोपात जीडीपीआर लागू झाल्यावर. अनेक साइट्स ही पट्टी फक्त युरोपातल्या अभ्यागतांना दाखवतात, त्यामुळे लंडनमधल्या मराठी मुलाला नकाराचं बटण मिळतं आणि नाशिकमधल्या त्याच्या मावसभावाला पट्टीच दिसत नाही, असं होऊ शकतं.

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमतीसह मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. इथे १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती हवी आणि, नियमांतले अपवाद वगळता, त्याचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी साइट्सनाही कायदा लागू आहे.

पण एक मोठी फट आहे. तुम्ही स्वतःहून जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. सार्वजनिक प्रोफाइलवर गाव, शाळा आणि फोटो टाकला असेल, तर त्यासाठी या कायद्याकडे बोट दाखवता येणार नाही.

मग बघायचं काय?

गोपनीयता धोरण पूर्ण वाचायला कुणाला वेळ नसतो. तीन गोष्टी शोधा : संपर्काचा चालू पत्ता आहे का, नोंदी किती दिवस ठेवतात हे आकड्यात लिहिलंय का, आणि जाहिरातदारांची नावं दिलीत का. संपर्काचा पत्ताच नसेल तर बाकीचं कितीही छान लिहिलेलं असो, तिथे खातं उघडू नये. उघडायचंच असेल तर वेगळा ईमेल आणि इतर कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या.

सफारी आणि फायरफॉक्स तिसऱ्या कंपनीच्या कुकींना मूळ सेटिंगमध्येच लगाम घालतात. क्रोमने त्या हटवायचा बेत गाजावाजा करून जाहीर केला होता, पण २०२४ मध्ये माघार घेतली, त्यामुळे तिथे सेटिंग स्वतः बदलावं लागतं. इन्कॉग्निटोने मात्र फारसं साधत नाही. आयपी ॲड्रेस त्यातही दिसतोच.

आपला ईमेल कुठल्या चोरीत सापडलाय का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट तपासता येतं. सायबर सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. जीटीएगेमिंग आणि लाइफबोट, दोन्ही चोऱ्यांची नोंद तिथे आहे. जुनं खातं सापडलं तर आधी पासवर्ड बदला, मग ते बंद करायची विनंती पाठवा. विकीवरचं खातं असेल तर ते बहुधा पूर्ण पुसलं जाणार नाही, कारण मजकूर कुणी लिहिला याची नोंद परवान्यासाठी ठेवावी लागते. फार तर तुमचं नाव बदलून मिळतं.