बहर धरण्याची वेळ : बागलाणचे हवामान आणि बागायत

अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त सुरत आणि नंदुरबार यांच्या दरम्यानच्या एका डोंगराळ पण भरभराटीच्या मुलखाची नोंद केली आहे. हा मुलूख म्हणजे बागलाण. तिथला राजा राठोड असून त्याच्याकडे सात किल्ले आहेत, त्यांत मुल्हेर आणि साल्हेर नावाजलेले, एवढे सांगून अबुल फजल तिथल्या फळांची यादी देतो. इंग्रजी अनुवादांत या यादीत थोडा फरक पडतो. एक अनुवादक जिथे पीच म्हणतो, तिथे दुसरा जर्दाळू म्हणतो. एकाची संत्री दुसऱ्याकडे महाळुंग होतात. पण द्राक्षे आणि डाळिंबे दोन्हीकडे आहेत. चार शतकांनंतर बागलाण तालुक्याचे ठिकाण असलेल्या सटाण्याची ओळख कोणती, असे विचारले तर कांद्याबरोबर हीच दोन फळे सांगावी लागतात.

यावरून ही बागायत बागुल राजांपासून अखंड चालत आली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. बागलाण हे नाव बागुल घराण्यावरून आले असे अभ्यासक मानतात, तरी इथल्या माणसाला त्यात ‘बाग’च ऐकू येते. पण आजच्या द्राक्षबागा आणि डाळिंबबागा गेल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत. त्यांचे वाण, कलमे, ठिबक, औषधे सगळेच नवे. राजवट गेली, वाण गेले, व्यापाराचे रस्ते बदलले. बदलले नाही ते डोंगर आणि त्यांनी ठरवून दिलेले पाऊसमान. म्हणून या तालुक्याच्या बागायतीचा इतिहास मला हवामानाच्या बाजूने वाचावासा वाटतो.

डोंगराआडचा पाऊस

तालुक्याच्या पश्चिमेला साल्हेर उभा आहे. उंची 1567 मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल दुसरा. अरबी समुद्रावरून येणारे ढग या रांगेवर अडतात आणि बहुतेक पाणी तिथेच सांडतात. साल्हेर-मुल्हेरकडच्या पट्ट्यात भात पिकतो, आणि तिथून पूर्वेला सटाणा, नामपूरकडे उतरत आले की जमीन बाजरीची होते. सटाण्याच्या भागात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या मागेपुढे आणि तोही बेभरवशाचा. पण पश्चिमेच्या डोंगरांतून निघणाऱ्या मोसम आणि आरम या नद्या तिकडचे पाणी इकडे आणतात व पुढे गिरणेला मिळतात. थोडक्यात, आकाश कोरडे आणि नदी ओली. उघडे ऊन, कोरडी हवा आणि पायाशी पाणी हा मेळ फळझाडांना मानवतो. अबुल फजलच्या यादीचे रहस्य मला इथे दिसते.

त्या काळात फळांना गिऱ्हाईकही होते. मुल्हेर ऊर्फ मयूरगिरी ही राजधानी होती. इथल्याच नारायणशाहाच्या दरबारी रुद्रकवीने 1596मध्ये ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. सुरतेहून दक्षिणेत जाणारा मोठा रस्ता याच मुलखातून जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात सुरत ते गोवळकोंडा वाटेवरचे जे मुक्काम नोंदवले, त्यांत पिंपळनेर आहे आणि त्यानंतरचे ‘निंपूर’ म्हणजे नामपूर असावे. 1638मध्ये शाहजादा औरंगजेबाच्या फौजेने मुल्हेर घेतले आणि बागुलांचे राज्य संपले. पुढे 1672ची साल्हेरची लढाई झाली. सतत फौजा फिरणाऱ्या मुलखात वर्षानुवर्षे जपावी लागणारी फळबाग टिकणे अवघड. तिथे शेतकरी सहा महिन्यांत हाती येणाऱ्या पिकाकडे वळतो.

फडाची शहाणीव

टिकली ती पाण्याची व्यवस्था. मोसम, आरम आणि धुळ्याकडील पांझरा या नद्यांवरची फड पद्धत पाणी-अभ्यासकांना परिचित आहे. नदीत दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटातून चाऱ्या आणि खाली भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एकच पीक. यंदा ज्या फडात ऊस, तिथे पुढे दुसरे पीक, अशी फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची. मेहनतीची ही माणसे सरकारने नेमलेली नव्हती, लाभधारकांनी नेमलेली होती.

मी आरम आणि मोसमकाठच्या गावांत जुन्या पाटांच्या खुणा पाहत हिंडतो, तेव्हा मला सर्वांत मोलाची वाटते ती फडाची एक साधी तरतूद. शेतकऱ्याची जमीन शक्यतो एकाच फडात नसे. थोडी या फडात, थोडी त्या फडात. पाऊस कमी झाला की सगळे मिळून ठरवत, यंदा अमुक फड भिजवायचे आणि अमुक कोरडे ठेवायचे. कोरड्या फडात प्रत्येकाचा थोडा तोटा आणि भिजलेल्या फडात प्रत्येकाचा थोडा वाटा. वाईट साल कुणा एकाच्या घरात शिरत नसे.

अर्थात दुष्काळापुढे फडही हरत. सटाण्याचे ग्रामदैवतासारखे दैवत आहे देव मामलेदार, म्हणजे यशवंत महादेव भोसेकर. हे बागलाणचे मामलेदार होते. 1870-71च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांना वाटला, ही हकिकत तालुक्यात घरोघरी ठाऊक आहे; रक्कम एक लाख सत्तावीस हजार रुपये सांगतात. तपासणीत खजिना जसाच्या तसा भरला, हा श्रद्धेचा भाग. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातून दुसरी गोष्ट टिपावी. एका गावाने आपल्या यात्रेचा देव म्हणून निवडला तो दुष्काळात तिजोरी उघडणारा अधिकारी. पाऊसमानाची याहून बोलकी नोंद कुठल्या दप्तरात मिळेल?

ताण आणि पाणी

विसाव्या शतकात विहिरी, पंप, मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर ही धरणे आली. पाटावरची सामुदायिक शिस्त सैल झाली आणि जो तो आपापल्या विहिरीचा धनी झाला. याच सुमारास डाळिंब पसरले. पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला ‘गणेश’, मग ‘आरक्ता’, मग राहुरी कृषी विद्यापीठाचा ‘भगवा’ अशी वाणांची चढण आहे. पण या पिकाचे खरे मर्म बहरात आहे.

डाळिंबाच्या झाडाला आपल्या हवेत वर्षातून केव्हाही फूल येऊ शकते. ते हवे तेव्हा यावे म्हणून शेतकरी महिना-दीड महिना पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. पाने गळतात, मग छाटणी, खत आणि पहिले पाणी. त्यानंतर झाड फुलून येते. जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुलवला तो आंबिया बहर, जूनच्या पावसावर धरला तो मृग बहर, सप्टेंबर-ऑक्टोबरात धरला तो हस्त बहर. नक्षत्रांची नावे बागेत अशी उतरली आहेत. आंबियाला उन्हाळ्याचे पाणी लागते. मृगाला पाणी फुकट मिळते, पण ओल्या हवेत रोग वाढतो. हस्ताला भाव चांगला, पण परतीचा पाऊस लांबला तर झाडाला ताणच बसत नाही. म्हणजे बहर निवडणे म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या हवेवर पैज लावणे.

या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या रोगाने ही पैज उधळली. हा जिवाणूजन्य करपा. पावसाच्या थेंबांबरोबर उडून फांदीवरून फांदीवर जातो. फळावर तेलकट डाग पडतात आणि फळ तडकते. सटाणा, मालेगाव, देवळा भागात बागाच्या बागा उपटल्या गेल्या. 2005मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. रोगट पट्ट्यात हस्त बहर धरा, झाडाला विश्रांती द्या, हा तिथला सल्ला मुळात हवामानाचाच आहे. इथले म्हातारे शेतकरी साल आकड्यांत सांगत नाहीत. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात, तसेच आता ‘तेल्या आला तेव्हा’ म्हणतात.

अर्ली द्राक्षे आणि सरकारी तारखा

डाळिंबाने हात दाखवल्यावर पुष्कळांनी द्राक्षाकडे मोर्चा वळवला. नाशिक जिल्ह्यात सर्वसाधारणपणे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. बागलाणात गोडी छाटणी जुलै-ऑगस्टमध्येच करतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात माल तयार. बाजारात दुसरी द्राक्षे नसल्याने भाव मिळतो. भर पावसाळ्यात वेल छाटण्याचे हे धाडस दिंडोरीच्या पश्चिम भागात परवडणार नाही. ते इथे जमते, कारण साल्हेरच्या आडोशाला पाऊस तुटक पडतो.

तो तुटक राहिला नाही, तर मात्र काही उरत नाही. 2019च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे आली. सटाण्याच्या अर्ली बागांत मणी भरत असतानाच पाऊस कोसळला. डाऊनी आली, मणी तडकले, घड कुजले. 2023च्या एप्रिलमध्ये तालुक्यात गारपीट झाली आणि काढणीला आलेला उन्हाळ कांदा शेतातच झोडपला गेला.

इथे जुन्या फडाची आठवण होते. वाईट साल वाटून घ्यायला आज हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. पण त्यात द्राक्षाचा हंगाम बराच काळ धरला जात होता तो फक्त आंबिया बहराचा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढचा. बागलाणची वेल तोवर अडीच-तीन महिन्यांचा धोका अंगावर घेऊन चुकलेली असते. इथल्या शेतकऱ्यांनी अर्ली द्राक्षांसाठी वेगळी चौकट मागितली, ती सवलतीची मागणी नव्हती. या मुलखाचे हवामान वेगळे आहे, एवढेच ती सांगत होती, आणि ते अबुल फजललाही कळले होते.

पर्जन्यमापक आता महसूल मंडळांत बसले आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता आपोआप नोंदली जाते. पण ताण कधी दिला, छाटणी कधी केली, पहिली कळी कधी दिसली, रोग कोणत्या आठवड्यात आला, हे त्या यंत्राला कळत नाही. ते बागायतदाराच्या डोक्यात असते, फार तर औषधांच्या हिशेबाच्या वहीत. आकाशाची नोंद आणि बागेची नोंद शेजारी ठेवली, तरच बागलाणचा खरा हंगाम कोणता हे कागदावर सिद्ध होईल. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी गावागावांतल्या अशा दहा-दहा वह्या जरी उतरवून घेतल्या, तरी विम्याच्या तारखांवर वाद घालायला शेतकऱ्याच्या हातात काहीतरी येईल. आरमकाठचे पाट बुजत चालले आहेत. त्यांच्यामागे असलेले, वाईट साल मोजून वाटून घेण्याचे शहाणपण बुजू द्यायचे की नाही, हे मात्र अजून आपल्या हातात आहे.